गाडी ओळखून चढा



मागच्या पाठात आपण एस.टी.च्या पाट्या वाचल्या. आता रेल्वेकडे वळू. आपल्या निजामपुऱ्यातून रोज किती माणसे मुंबईकडे जातात! कोणी कापडाचा ताका घेऊन जातो, कोणी मागाचा सुटा भाग आणायला जातो, कोणी आजाऱ्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात जातो. बस नाहीतर रिक्षा करून आपण कल्याण किंवा ठाणे गाठतो आणि तिथून आगगाडी धरतो.

पण फलाटावर उभे राहिले की मनात गोंधळ होतो. एक गाडी येते, थांबते. दुसरी येते, शिट्टी वाजवत तशीच निघून जाते. तिसरीची दारे मिटलेली. चौथी भलतीच लांब. आमच्या प्रौढांच्या वर्गात एका विणकर भावाने विचारले, "गुरुजी, रूळ तेच, स्टेशन तेच. मग गाड्यांच्या एवढ्या जाती कशाला?"

प्रश्न चांगला आहे. प्रत्येक जातीची गाडी एका वेगळ्या गरजेसाठी केलेली आहे. तिची खूण ओळखली, तर वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि कधी कधी जीवही वाचतो. ती खूण पाटीवर लिहिलेली असते. आता आपल्याला अक्षर येते, तेव्हा ती आपणच वाचायची.

पहिली गाडी

आपल्या देशातली उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ या दिवशी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आली. गाडीला १४ डबे होते आणि ते ओढायला तीन इंजिने जोडली होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, रूळ कल्याणपर्यंत आले.

ती इंजिने कोळशावर आणि वाफेवर चालत. त्यांना पाणी भरावे लागे, कोळसा घालावा लागे. शहर वाढले, माणसे वाढली, तशी ही गाडी अपुरी पडू लागली. मग ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. आपण जिला लोकल म्हणतो, तिचा जन्म हा असा झाला. व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे आहे. थोडक्यात लिहिताना 'सी.एस.एम.टी.' असे लिहितात.

लोकलचे इंजिन कुठे असते?

लांब पल्ल्याच्या मेल गाडीला पुढे इंजिन असते. ते एकटे सगळे डबे ओढते. लोकलला मात्र असे वेगळे इंजिन नसते. मग ती चालते कशी?

आपल्या मागांचेच उदाहरण घ्या. जुन्या कापड गिरण्यांत एक मोठे यंत्र असे. त्यावर पट्टे चढवून ओळीने सगळे माग फिरवीत. मोठे यंत्र थांबले की सगळे थांबले. आज आपल्या कारखान्यात प्रत्येक मागाला आपापली मोटार असते. लोकलचेही तसेच आहे. तिच्या काही डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या असतात. टपावरचा दुमडता सांगाडा वरच्या तारेला टेकून वीज घेतो आणि सगळ्या मोटारी एकदम जोर लावतात.

याचे दोन फायदे आहेत. लोकलची स्टेशने जवळ जवळ असतात, दोन-तीन मिनिटांनी एक. पुन्हा पुन्हा थांबायचे आणि पुन्हा पुन्हा निघायचे. पुष्कळ मोटारी असल्या की गाडी झटकन वेग घेते. दुसरा फायदा असा की गाडीच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. शेवटच्या स्टेशनात इंजिन काढून दुसरीकडे जोडायची कटकट नाही. मोटरमन या टोकाकडून त्या टोकाला गेला की गाडी परत निघाली.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वरच्या तारेत पूर्वी १,५०० व्होल्टची वीज असे. हळूहळू बदल करत २०१६ सालापर्यंत मुंबईच्या सगळ्या लोकल मार्गांवर २५,००० व्होल्टची वीज आली. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज असते. तिचा झटका कसा असतो हे आपल्याला माहीत आहे. म्हणून गाडीच्या टपावर कधीही चढू नये. चढणाऱ्याला या तारेपासून वाचायची आशा धरता येत नाही.

धीमी आणि जलद

लोकलच्या मुख्य जाती दोन. धीमी गाडी प्रत्येक स्टेशनात थांबते. जलद गाडी ठरावीक मोठ्या स्टेशनांतच थांबते. कल्याणहून मुंबईला निघालेली जलद गाडी साधारणपणे डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा आणि सी.एस.एम.टी. येथे थांबते. काही जलद गाड्या आणखी एक-दोन ठिकाणी थांबतात.

लांब जायचे असेल तर जलद गाडी बरी. पण "जलद ती चांगली" असे मानून कुठल्याही गाडीत चढू नये. आमच्या वर्गातल्या एका भावाची बायको कळव्याच्या दवाखान्यात होती. तो कल्याणला आला आणि समोर आलेल्या गाडीत चढला. गाडी जलद होती. कळवा स्टेशन डोळ्यांसमोरून निघून गेले आणि तो ठाण्याला पोचला. तिथून दुसऱ्या फलाटावर जाऊन, धीमी गाडी धरून मागे यावे लागले. दवाखान्यात पोचेपर्यंत भेटीची वेळ संपत आली होती. बायको दाराकडे डोळे लावून बसली होती. गर्दीच्या वेळी मोजक्या जलद गाड्या कळव्याला थांबतात. बाकीच्या थांबत नाहीत. हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि पाटी तेव्हा त्याला वाचता येत नव्हती.

म्हणून दवाखान्यांची स्टेशने नीट समजून घ्या. कळव्याला जायचे तर कल्याणहून धीमी गाडी धरा. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जायचे तर जलद गाडीने कुर्ल्याला उतरा आणि धीमी गाडी धरून पुढच्याच स्टेशनात, शीवला उतरा. परळला के.ई.एम. आणि टाटा ही रुग्णालये आहेत. तिथे जायचे तर जलद गाडीने दादरला या, मग धीम्या गाडीने पुढचे स्टेशन परळ. गाडी बदलायची नसेल, तर कल्याणपासूनच मुंबईची धीमी गाडी धरावी. ती या सगळ्या स्टेशनांत थांबते. वेळ अधिक लागतो, पण आजारी माणसाला जिन्यांची चढउतार पडत नाही.

फलाटावरची पाटी

फलाटावर वर टांगलेली दिव्यांची पाटी असते. तिच्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अक्षरे आळीपाळीने येतात. इंग्रजी आले तर घाबरू नका. जरा थांबा, मराठी येईल. पाटीवर चार गोष्टी वाचायच्या:

१. गाडी कुठे जाणार.
२. किती वाजता सुटणार.
३. धीमी की जलद.
४. डबे किती, १२ की १५.

धीमी-जलद दाखवायला इंग्रजी अक्षर असते. 'एस' म्हणजे धीमी. हे अक्षर नागासारखे वळसे घेतलेले दिसते. 'एफ' म्हणजे जलद. उभी दांडी आणि तिला उजवीकडे दोन आडव्या रेघा, असे ते अक्षर आहे. ही दोन अक्षरे ओळखली तरी काम भागते.

परत येतानाही पाटी वाचावी लागते. मुंबईहून कल्याणला यायचे आहे. समोर 'ठाणे' अशी पाटी लागली. त्या गाडीत बसलात तर ठाण्यालाच उतरावे लागेल. 'डोंबिवली' असेल तर डोंबिवलीला. पण टिटवाळा, आसनगाव, कसारा, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत यांपैकी कोणतेही नाव असले तरी ती गाडी कल्याणवरूनच जाते. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. तेव्हा फक्त 'कल्याण' लिहिलेल्या गाडीचीच वाट पाहत बसायला नको.

बारा डब्यांची आणि पंधरा डब्यांची

पूर्वी नऊ डब्यांच्या गाड्या पुष्कळ होत्या. गर्दी वाढली तशा १२ डब्यांच्या आल्या. पुढे पश्चिम रेल्वेवर २००९ साली आणि आपल्या मध्य रेल्वेवर २०१२ साली १५ डब्यांची गाडी सुरू झाली.

एक डबा सुमारे २० मीटर लांब असतो. १२ डब्यांची गाडी २४० मीटर झाली, म्हणजे जवळजवळ पाव किलोमीटर. १५ डब्यांची ३०० मीटर झाली. दोघींत ६० मीटरांचा फरक पडला. मग सगळ्याच गाड्या १५ डब्यांच्या का करत नाहीत? कारण तेवढा लांब फलाट सगळीकडे नाही.

पाटीवरचा आकडा वाचला नाही तर काय होते, ते बघा. गाडी १२ डब्यांची आणि माणूस उभा १५ डब्यांच्या टोकाला. मग गाडी आली की धावाधाव. लहान मूल कडेवर, पिशवी हातात, आणि गाडी सुटायच्या बेतात. अशा वेळी पाय घसरतो. गाडी आणि फलाट यांत फट असते. आकडा वाचून आधीच जागेवर उभे राहावे, म्हणजे धावावे लागत नाही.

डब्यांच्या जाती

एकाच गाडीत डबेही वेगवेगळे असतात. साधा म्हणजे दुसऱ्या वर्गाचा डबा. पहिल्या वर्गाचा डबा, त्याचे भाडे पुष्कळ अधिक. बायकांचा डबा, त्यावर बाईचे चित्र असते. अपंगांचा डबा, त्यावर चाकांच्या खुर्चीचे चित्र असते. या डब्यात कर्करोगाचे रोगी आणि गरोदर बायका यांनाही बसता येते. पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसते आणि गरोदर बाई गर्दीत चेंगरत जाते. तसे करू नका. तो डबा तिच्यासाठीच आहे. दवाखान्याचे कागद मात्र जवळ ठेवावेत. मोठे ओझे असेल तर त्याच्यासाठी सामानाचा वेगळा डबा असतो.

बायकांचा नुसता डबाच नव्हे, तर आख्खी गाडीही असते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ बायकांसाठी लोकल सुरू झाली. कामावर जाणाऱ्या बायका वाढल्या, म्हणून ती करावी लागली.

साधे तिकीट काढून पहिल्या वर्गात बसले, तर दंड होतो. बिनतिकीट तर मुळीच जाऊ नये. दंड कमीत कमी २५० रुपये, वर भाडे वेगळे. गरिबाची कमाई अशी घालवू नये.

दार मिटणारी गाडी

साध्या लोकलची दारे उघडीच असतात. वारा येतो, चढणे-उतरणे लवकर होते. पण हेच दार घात करते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून गेल्या. दारात लोंबकळणारे उतारू खाली पडले. त्यांतले चौघे त्याच दिवशी दगावले. ती कामावर निघालेली माणसे होती. घरी कोणीतरी त्यांची वाट पाहत होते.

दारे आपोआप मिटणारी गाडी याआधीच आली होती. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिला लोक 'एसी लोकल' म्हणतात. मध्य रेल्वेवर ती २०२० साली आली. आत गार हवा असते. सगळी दारे मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यामुळे दारात लोंबकळण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र तिचे भाडे जास्त आहे. साध्या तिकिटावर किंवा साध्या पासावर तिच्यात बसता येत नाही.

मग साध्या गाडीला मिटणारी दारे का लावत नाहीत? अडचण हवेची आहे. गर्दीने भरलेला डबा बंद केला की आत जीव गुदमरतो. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने जाहीर केले की, साध्या लोकललाही मिटणारी दारे करायची, दारांना हवा जायला झडपा ठेवायच्या आणि टपातून वारा आत घ्यायचा. गाडीची नवी जात अशी घडते. एखादी उणीव जीव घेते, तेव्हा माणूस विचार करून ती दूर करायला लागतो. तोपर्यंत आपला जीव आपणच सांभाळायचा. भरलेली गाडी सोडून द्यावी. मागून दुसरी येते. गेलेला माणूस येत नाही.

आपल्या दारची मेमू

आपले स्वतःचे स्टेशन आहे भिवंडी रोड. ते वसई रोड ते दिवा या मार्गावर आहे. या मार्गावर जी गाडी चालते तिला मेमू म्हणतात. तीही विजेची. तिलाही वेगळे इंजिन नसते. लोकलची ती चुलतबहीण समजा. जिथे वरची तार नाही, तिथे डिझेलवर चालणारी अशीच गाडी असते, तिला डेमू म्हणतात.

लोकल चुकली तर थोड्या वेळात दुसरी मिळते. मेमूचे तसे नाही. तिच्या फेऱ्या मोजक्या. म्हणून स्टेशनातले वेळापत्रक वाचून वेळा वहीत उतरून घ्या. वेळ जुळली तर वसईकडे जायला ती फार सोयीची. रस्त्यावरच्या मालगाड्यांच्या गर्दीत अडकावे लागत नाही आणि भाडेही कमी.

मेट्रो: खांबावरची आणि जमिनीखालची

आता शेवटची जात, मेट्रो. शहरात जागा उरली नाही, की गाडी एक तर वर न्यावी लागते, नाहीतर खाली.

जमिनीखालून गाडी नेण्याची कल्पना लंडन शहरात निघाली. तिथे १८६३ साली पहिली भुयारी गाडी धावली, पण ती वाफेच्या इंजिनाची! भुयारात धूर कोंडे, माणसे खोकून बेजार होत. १८९० साली तिथे विजेची भुयारी गाडी आली, तेव्हा कुठे सुख झाले. आपल्या देशात कोलकाता शहराने पहिला मान मिळवला. तिथे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी भुयारी मेट्रो सुरू झाली.

मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर अशी सुरू झाली. ती खांबांवरून जाते आणि तिला चारच डबे आहेत. २०२२ साली दहिसरकडच्या दोन मार्गांचा पहिला भाग सुरू झाला. त्या गाड्या सहा डब्यांच्या, बंगळूरच्या कारखान्यात झालेल्या.

जमिनीखालची मेट्रो मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या मार्गावर आहे. आरे ते कफ परेड, लांबी साडेतेहतीस किलोमीटर. २७ स्टेशनांपैकी २६ जमिनीखाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोचली. या गाडीला आठ डबे आहेत. फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते. गाडी थांबली की काचेचे दार आणि गाडीचे दार एकदम उघडते. रुळावर कोणी पडूच नये, अशी ही सोय आहे. तिकीट फाटकाला दाखवले की फाटक उघडते. ते तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे. बाहेरच्या फाटकालाही ते दाखवावे लागते.

मग ही मेट्रो लोकलच्या रुळावरून का नेत नाहीत? नेताच येत नाही. लोकलच्या दोन रुळांत साडेपाच फूट अंतर असते. मुंबईच्या मेट्रोच्या रुळांत ते चार फूट साडेआठ इंच असते. एकीची चाके दुसरीच्या रुळावर बसायची नाहीत. म्हणून गाडी बदलावी लागते. आपण लोकलने सी.एस.एम.टी.ला उतरलो आणि विधानभवनाकडे जायचे असले, तर खाली जाऊन मेट्रो धरता येते.

ठाणे, भिवंडी, कल्याण असा पाचव्या क्रमांकाचा मेट्रो मार्गही आखलेला आहे. १८ डिसेंबर २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली. कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा, धामणकर नाका ही नावे त्या आराखड्यात आहेत. ही आपल्या रोजच्या वाटेवरची नावे आहेत. स्टेशनांवर ती मोठ्या अक्षरांत लिहिली जातील. ती वाचणाऱ्यांत आपण असले पाहिजे.

शेवटी एवढेच सांगतो. आमच्या वर्गातल्या एका आजी पूर्वी फलाटावर चार माणसांना विचारत. एक म्हणे ही गाडी, दुसरा म्हणे ती. हल्ली त्या पाटीखाली उभ्या राहतात, बोटाने एकेक अक्षर जुळवतात आणि मग चढतात. परवा त्यांनी एका शिकलेल्या तरुणालाच सांगितलं, "बाळा, ही जलद आहे. तुझं कळवा सुटेल." विद्या वयाकडे बघत नाही. तुम्हीही आता कल्याणला गेलात, तर आधी पाटी वाचा, मग पाय उचला.

सांगा पाहू

१. लोकलला वेगळे इंजिन का लागत नाही?
२. कल्याणहून परळच्या दवाखान्यात जायचे आहे. जलद गाडीने गेल्यास कुठे गाडी बदलाल?
३. मुंबईहून येताना 'बदलापूर' अशी पाटी दिसली. त्या गाडीने कल्याणला येता येईल का? 'डोंबिवली' अशी पाटी असेल तर?
४. अपंगांच्या डब्यात आणखी कोणाला बसता येते?
५. भिवंडी रोड स्टेशनात जाऊन मेमूच्या वेळा वहीत लिहून आणा आणि शेजाऱ्यांना वाचून दाखवा.

शब्दांचे अर्थ

उतारू: प्रवासी.
फलाट: गाडीत चढण्या-उतरण्याचा ओटा.
मोटरमन: लोकल चालवणारा.
वातानुकूलित: यंत्राने हवा गार ठेवलेली.
भुयार: जमिनीखालची वाट.